तळं दिसतं, पण ऊन येतं का?

आल्प्सच्या परिसरात हॉटेलऐवजी आठवडाभर फ्लॅट भाड्याने घेऊन राहण्याबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत चार-पाच फोटो जोडून ‘यातला कुठला घेऊ?’ एवढंच विचारलं आहे. फोटो बघून त्याचं उत्तर देता येत नाही. नकाशा बघून मात्र बऱ्याचदा देता येतं.

प्रश्न : इटलीतल्या लेक कोमोला बेलाजिओ किंवा वारेनामध्ये सात रात्री राहायचं आहे. सासू-सासरे बरोबर आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. ‘तळ्यापासून 200 मीटर, लेक व्ह्यू, पहिला मजला’ अशी एक जाहिरात आवडली आहे. घेऊ का?

उत्तर : जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा असला, तरी हे घर तुमच्या कामाचं नसू शकतं. हे 200 मीटर सहसा सरळ रेषेत मोजलेले असतात. कोमोचे काठ उभे आहेत, तेवढ्या अंतरात साठ-ऐंशी मीटरचा चढ सहज निघतो. पायरीची उंची 17 सेंटिमीटर धरली, तर 80 मीटर म्हणजे सुमारे 470 पायऱ्या. शिवाय तळं जितकं मोकळं दिसतं, तितकं घर वर असण्याची शक्यता जास्त. फोटोतला देखावा आणि सासूबाईंची दमछाक यांचं मूळ एकच आहे.

गूगल अर्थ उघडा. घरावर कर्सर नेला की खालच्या कोपऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. कोमोचं पाणी सुमारे 198 मीटरवर आहे. घर 210-215 मीटरच्या आत असेल तर पुढे बोला. बुकिंगच्या आधी संकेतस्थळं नेमका पत्ता दाखवत नाहीत, नुसतं वर्तुळ दाखवतात. त्यामुळे मालकाला विचारावंच लागतं. ‘पायऱ्या फार आहेत का?’ असं विचारू नका. त्या घरात रोज ये-जा करणारा माणूस ‘थोड्याच आहेत’ म्हणणार. टॅक्सी जिथे थांबते तिथून इमारतीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, दारापासून फ्लॅटपर्यंत किती, आणि कठडा कुठे कुठे आहे, हे आकड्यांत मागा.

पहिला मजला आपल्यासारखाच, तळमजल्याच्या वरचा. पण उतारावरच्या इमारतीला बऱ्याचदा दोन दारं असतात, एक वरच्या रस्त्यावर आणि एक खाली. मजला कुठल्या दारापासून मोजला आहे ते विचारून घ्या. जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच असते.

गावाचं म्हणाल, तर बेलाजिओच्या काठावरून वर जाणाऱ्या प्रसिद्ध गल्ल्या म्हणजे पायऱ्याच आहेत आणि तिथे रेल्वेही नाही. वारेनाला मिलानहून थेट गाडी येते, पण जुन्या गावात इथेही पायऱ्यांची उतरंड. तुमच्यासाठी समोरच्या काठावरचं मेनाज्जो बरं, कारण तिथला काठाजवळचा भाग बराच सपाट आहे. वारेनापर्यंत रेल्वेने यायचं आणि पुढे बोटीने जायचं. तळ्याच्या मधल्या भागातल्या बोटी वारेना, बेलाजिओ आणि मेनाज्जो या तिन्ही गावांना जोडतात, त्यामुळे बेलाजिओ बघायचं राहणार नाही.

प्रश्न : आम्हाला बाल्कनीत वाचत बसायला भरपूर ऊन हवं आहे. या वर्षी ऑक्टोबरात इटलीतलं लेक गार्डा आणि पुढच्या वर्षी ख्रिसमसला स्वित्झर्लंड असा बेत आहे. कुठला काठ निवडावा?

उत्तर : हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि डोंगरातल्या घराबद्दल सगळ्यात आधी विचारावा असा हाच. हवामान खात्याने ‘निरभ्र’ म्हटलं तरी डोंगराच्या सावलीतल्या गावाला त्याचा उपयोग नाही.

हिशोब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. घराच्या ज्या बाजूला डोंगर आहे, त्या बाजूची कड घरापेक्षा किती मीटर उंच आहे ते काढा आणि त्याला कडेपर्यंतच्या आडव्या अंतराने भागा. उत्तर 0.5 आलं, म्हणजे कड दोन किलोमीटरवर आणि 1000 मीटर उंच असली, तर ती क्षितिजापासून सुमारे 27 अंश वर येते. आता सूर्याकडे बघू. 46 अक्षांशावर, म्हणजे आल्प्सच्या मधोमध, 21 डिसेंबरच्या माध्यान्हीला सूर्य जेमतेम 20-21 अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेला 0.38 पेक्षा जास्त उत्तर येणारा डोंगर असेल, तर त्या दिवशी माध्यान्हीलाही ऊन नाही. जूनमध्ये तोच सूर्य 67 अंशांवर जातो, म्हणून उन्हाळ्यात काढलेल्या फोटोंत ही उणीव दिसतच नाही.

ऑक्टोबरात अडचण दुपारनंतरची. नैऋत्येला 27 अंशांची कड असेल, तर महिन्याच्या मध्यात साडेतीनच्या सुमारास ऊन जातं. खरा सूर्यास्त त्यानंतर तीन तासांनी होतो, आणि तेवढा वेळ तुम्ही शाल पांघरून समोरच्या काठावरचं ऊन बघत बसता.

गार्डाच्या उत्तर भागात पश्चिम काठावरचं लिमोने उभ्या कड्यांच्या पायथ्याशी आहे. सकाळ सुरेख, दुपारनंतर सावली. समोरच्या माल्चेसिनेला उलट : मागे मोंटे बाल्डो हा डोंगर असल्याने सकाळी ऊन उशिरा येतं, पण संध्याकाळपर्यंत टिकतं. बाल्कनीत वाचायचं तर माल्चेसिने, आणि बाल्कनी पश्चिमेला उघडणारी. उत्तर टोकाला चांगल्या हवेत दुपारी ‘ओरा’ नावाचा दक्षिणेकडचा वारा सुटतो. टोर्बोलेला शिडाच्या फळीवरून पाण्यावर फिरणारे (विंडसर्फर) त्यासाठीच येतात. पुस्तकाची पानं मात्र हाताने धरून ठेवावी लागतील.

ख्रिसमससाठी दक्षिणेला तोंड असलेला काठ हवा. लेक ल्यूसर्नवर वेगिस आणि फिट्सनाऊ ही गावं रिगी पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी आहेत. डोंगर त्यांच्या पाठीशी असल्याने उत्तरेचा वाराही अडतो. लेक ब्रिएन्झवर ब्रिएन्झ गाव उत्तर काठावर, म्हणजे उन्हाकडे तोंड करून आहे, तर फोटोंत गाजणारं इझेल्टवाल्ड दक्षिण काठावर डोंगराच्या सावलीत. ऑस्ट्रियातलं हालश्टाट थंडीत राहायला घेण्याआधीही हाच हिशोब करा. डोंगर गावाच्या अगदी पाठीवर आहे.

आकडेमोड नको असेल, तर तारीख आणि जागा टाकली की सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप्स आहेत. मात्र त्यातली काही सपाट क्षितिज धरूनच वेळ सांगतात. डोंगराची उंची धरणारं ॲप वापरा.

प्रश्न : स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेन, वेंगेन, म्युरेन की इंटरलाकेन? सहा जण, चार मोठ्या बॅगा, गाडी भाड्याने घेणार नाही.

उत्तर : इंटरलाकेन दोन तळ्यांच्या मध्ये, सुमारे 570 मीटरवर आहे. रेल्वे आणि बोटी सगळीकडे जातात, दुकानं जवळ. पण डोंगरात राहिल्यासारखं वाटत नाही. लाउटरब्रुनेन 800 मीटरच्या आसपास, दोन उभ्या भिंतींमधल्या दरीत आहे. धबधब्याच्या फोटोमुळे मागणी मोठी आणि थंडीत ऊन कमी. वेंगेन 1274 मीटरवर, मोकळ्या उतारावर. तिथे मोटारी नाहीत, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी पंधराएक मिनिटांत वर नेते. म्युरेन 1638 मीटरवर, तिथेही मोटारी नाहीत, आणि लाउटरब्रुनेनहून जायचं तर आधी केबलकार, मग छोटी रेल्वे. चार बॅगांसह ही बदलाबदल पहिल्या आणि शेवटच्या दिवशी त्रासाची होते.

सहा जणांना आम्ही वेंगेन सुचवू. तिथेही फ्लॅट स्टेशनच्या वर आहे की खाली, हे विचारा. बर्फात 300 मीटर लांब चढावर चाकांच्या बॅगा ओढता येत नाहीत, उचलाव्याच लागतात. विजेवर चालणाऱ्या टॅक्स्या आहेत, त्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते फ्लॅट घेण्यापूर्वीच तुमच्या तारखेच्या वेळापत्रकात बघा.

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनहून सुटणारी गाडी त्स्वाइल्युत्शिनेनला दोन भागांत तुटते. अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचून चढा. एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये बऱ्याच केबलकार देखभालीसाठी बंद असतात. त्या दिवसांत फ्लॅट स्वस्त मिळण्याचं हे एक मोठं कारण आहे.

प्रश्न : ‘बिलोकाले, 4 जण’ आणि ‘अडीच खोल्या, 5 जण’ म्हणजे नेमकं काय?

उत्तर : इटलीत खोल्या मोजताना दिवाणखाना धरतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत. मोनोलोकाले म्हणजे एकच खोली. बिलोकाले म्हणजे एक झोपायची खोली आणि एक दिवाणखाना, ज्याच्या कोपऱ्यात सहसा ओटा असतो. चार जणांतले दोघे दिवाणखान्यातल्या सोफा-कम-बेडवर. स्वित्झर्लंडची अडीच खोल्यांची जागाही साधारण अशीच, वरची अर्धी म्हणजे जेवणाच्या टेबलाची जागा. तेव्हा माणसांचा आकडा सोडा, दार लावता येणाऱ्या झोपायच्या खोल्या किती ते मोजा.

पलंगाची रुंदी विचारा. ‘फ्रेंच बेड’ 140 सेंटिमीटरचा असतो, दोन मोठ्या माणसांना अपुरा. जर्मन भाषक भागात डबल बेड म्हणजे 90-90 च्या दोन गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं. घोरणाऱ्यांच्या जोडीदारांना ही व्यवस्था आवडते. पोटमाळ्यावरच्या फ्लॅटचं छत उतरतं असतं. खोली फोटोत ऐसपैस दिसते, पण ताठ उभं राहता येईल अशी जागा अर्धीच असू शकते.

प्रश्न : रोज घरी रांधायचं आहे. काय तपासावं?

उत्तर : शेगडीचा प्रकार. काचेची सपाट शेगडी साधी विजेची आहे की इंडक्शन, हे फोटोवरून कळत नाही. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणार नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर भांडं चालतं. म्युरेनच्या उंचीवर पाणी सुमारे 95 अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ लवकर शिजत नाही. तिथे कुकर न्याच.

इटलीत घरगुती वीजजोडणी बहुधा 3 किलोवॉटची असते. ओव्हन 2, पाण्याची किटली 2, त्यात एसी चालू केला की मीटरचं बटण पडून वीज जाते, आणि मीटर बऱ्याचदा खाली जिन्यात किंवा फाटकाजवळ असतो. तो कुठे आहे आणि त्याला कुलूप आहे का, ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. स्वित्झर्लंडचे सॉकेट खोलगट आणि षटकोनी. दोन बारीक गोल पिनांचा चपटा युरोपीय प्लग त्यात बसतो, जर्मन पद्धतीचा जाड गोल प्लग बसत नाही. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही उघडी असतात. शनिवारी संध्याकाळी पोहोचणाऱ्यांनी पहिल्या दोन जेवणांची सोय आधी करावी. स्वित्झर्लंडच्या बहुतेक गावांत कचऱ्याला पालिकेच्या ठरावीक पिशव्याच लागतात. त्या घरात ठेवल्या आहेत का, विचारा.

प्रश्न : भाड्यावर आणखी काय काय चढतं? आणि फसवणूक कशी ओळखायची?

उत्तर : शेवटची सफाई, चादरी-टॉवेल, अनामत आणि पर्यटक कर. सफाईची रक्कम एकदाच लागते, म्हणून कमी रात्रींना ती जड जाते. उदाहरणादाखल 120 युरो भाडं आणि 90 युरो सफाई धरली, तर तीन रात्रींना दर रात्री 150 युरो पडतात, सात रात्रींना 133. पर्यटक कर माणशी, दर रात्री असतो, प्रत्येक पालिकेचा दर आणि मुलांची सवलत वेगळी. तो बऱ्याच ठिकाणी रोख मागतात. ऐन हंगामात पुष्कळ घरं शनिवार ते शनिवारच मिळतात, विमानाची तिकिटं त्यानंतर काढा.

शेंगेन व्हिसाचा (या तिन्ही देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, काही वेळा 45. तेव्हा विनाशुल्क रद्द करण्याची मुदत व्हिसाच्या अपेक्षित तारखेनंतरची हवी. बुकिंगच्या कागदावर सगळ्यांची नावं आणि पूर्ण पत्ता असू द्या. अर्ज ज्या देशात जास्त रात्री आहेत त्या देशाकडे करायचा.

इटलीत 1 जानेवारी 2025 पासून अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत द्यावाच लागतो. क्रमांक नसेल तर मागा, टाळाटाळ झाली तर सोडून द्या. मालक पासपोर्ट मागेल, त्याला घाबरू नका. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे 24 तासांत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मात्र ‘संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवा, 20 टक्के सूट देतो’ असं म्हणणाऱ्याशी तिथेच बोलणं थांबवा. शंका असेल तर आजच्या तारखेचा, बाल्कनीतून घराच्या आतपर्यंत फिरणारा एक सलग व्हिडिओ मागा. चोरलेले फोटो लावणाऱ्याला तो देता येत नाही.

प्रश्न : ऑगस्टमध्ये एसी लागेल का?

उत्तर : गार्डा आणि कोमोच्या काठावर हो, आणि खिडक्यांना जाळ्याही हव्यात, कारण संध्याकाळी डास येतात. एसी झोपायच्या खोलीत आहे की फक्त दिवाणखान्यात, ते बघा. उंचीबरोबर तापमान दर 1000 मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून वेंगेन-म्युरेनला गरज नाही. तिथे रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येतं. फक्त चर्चची घंटा किती जवळ आहे ते नकाशात बघा, कारण काही गावांत ती रात्रभर दर पाव तासाला वाजते.