लय कुणी धरायची?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची आहेत : आपापल्या घरी बसून, इंटरनेटवरून एकत्र गाणं-वाजवणं. मी स्वतः पेटीची साथ करते आणि आमचाही असा एक शनिवारचा गट आहे, त्यामुळे या पत्रांतली चिडचिड मला चांगली ठाऊक आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकचा, तबला वाजवतो. टाळेबंदीत जमलेला आमचा पाच जणांचा गट अजून टिकून आहे. दर गुरुवारी रात्री साडेनऊला आम्ही जॅम्युलसवर, म्हणजे इंटरनेटवरून एकत्र वाजवायच्या संगणक-कार्यक्रमावर भेटतो. सांगलीचे एक निवृत्त शिक्षक पेटीवर, पुण्यातला एक मुलगा कीबोर्डवर, बंगळूरचे एक जण व्हायोलिनवर, आणि ठाण्याच्या एक वहिनी गातात. अभंग, नाट्यपदं असं चालतं. हल्ली मात्र वाजवण्यापेक्षा वादच जास्त होतात. मध्य लयीत उचललेला अभंग तिसऱ्या कडव्यापर्यंत पार रेंगाळतो. वहिनी म्हणतात तबला ओढतोय, मला वाटतं पेटी मागे राहते. सांगलीच्या काकांचा आवाज मध्येच तुटतो. ‘ऐकू येतंय का?’ यातच पाऊण तास जातो. गेल्या गुरुवारी कीबोर्डवाला मुलगा चिडून, न सांगता निघून गेला. सर्व्हर तोच चालवतो, सगळ्यांची जोडणीही तोच करून देतो. आता दोघा जणांचं म्हणणं आहे की काकांना थांबायला सांगावं. ते मी कोणत्या तोंडाने सांगू?

उत्तर : सांगू नका. काकांना काढून तुमची लय सावरणार नाही, कारण ती त्यांच्या एकट्यामुळे पडत नाहीये.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या माणसाचा ठोका तुम्हाला जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. आषाढीच्या लांबलचक दिंडीत मागच्या टाळकऱ्यांना मृदंग असाच उशिरा पोहोचतो, पण ते पुढच्यांच्या हातांकडे आणि पावलांकडे पाहून टाळ मिळवतात. तुमच्याजवळ ती नजर नाही. तुम्ही फक्त कानांवर आहात. तुम्ही ठोका दिलात, तो काकांना थोडा उशिरा ऐकू आला, त्यांनी त्याच्याबरोबर सूर धरला, तो तुम्हाला आणखी उशिरा ऐकू आला. तुम्हाला वाटलं पेटी मागे आहे, म्हणून तुम्ही सांभाळून घेण्यासाठी किंचित थांबलात. हे प्रत्येक मात्रेला होतं. पाच चांगले साथीदार एकमेकांना सांभाळून घेतात आणि त्या सांभाळण्यातूनच लय खाली येते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चाफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, हेडफोनवरून एकमेकांच्या टाळ्या ऐकवून हे तपासलं होतं. दहा-बारा मिलिसेकंदांच्या आसपास उशीर असेल तर लय स्थिर राहते, त्याहून वाढला की ती पडत जाते, आणि फारच कमी असेल तर उलट चढते. तेव्हा ‘कोण ओढतंय’ हा वाद आजपासून बंद करा. त्याला उत्तरच नाही.

लय एकाने धरायची, आणि तुमच्या गटात ती तुम्ही धरायची. याचा अर्थ तुम्ही कुणासाठीही थांबायचं नाही. पेटी मागे वाटली तरी नाही, वहिनींनी तान लांबवली तरी नाही. मैफलीत साथीदाराने असं वागणं उद्धटपणाचं ठरेल, गवयाच्या श्वासाबरोबर ठेका हलवणं हीच तर साथीची कला. पण इथे तुमचा ताठपणा हाच बाकीच्यांचा आधार आहे. हे वहिनींना आधी मोकळेपणाने सांगा, म्हणजे त्यांना राग येणार नाही.

आता एक गोष्ट, जी तबला, पेटी आणि गळा या तिघांनाच छळते. जॅम्युलसमध्ये आपला आवाज सर्व्हरकडे जाऊन सगळ्यांच्या आवाजात मिसळून परत येतो, आणि वाजवायचं असतं ते हेडफोनमधल्या त्या परत आलेल्या आवाजाला धरून. कीबोर्डवाल्याला हे सोपं आहे, त्याने यंत्राचा स्वतःचा आवाज बंद केला की झालं. तुमच्या पुढ्यातला तबला मात्र हवेतून तुमच्या कानात आधी शिरतो, आणि हेडफोनमधला मागून येतो. मन आपोआप जवळच्या आवाजाला चिकटतं, आणि त्याबरोबर वाजवलं की तुम्ही बाकीच्यांना तेवढे मागे ऐकू येता. म्हणून कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या, त्यात स्वतःचा आवाज थोडा चढा ठेवा, आणि ठोका हाताखाली नाही तर हेडफोनमध्ये समेवर पडतो आहे ना, ते पाहा. सुरुवातीला हात किंचित पुढे टाकावा लागेल. नुसता केरवा धरून रोज थोडा वेळ सर्व्हरवर एकट्याने रियाज करा. ही सवय लागते, मी पेटीवर लावून घेतली आहे.

काकांकडे येऊ. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक-सांगली अंतर त्या हिशेबात दोन-तीन मिलिसेकंदांचं. म्हणजे सांगली लांब नाही, उशीर काकांच्या घरातच आहे. त्यांचे हेडफोन ब्लूटूथचे आहेत का, ते सगळ्यात आधी विचारा. ब्लूटूथ एकट्यानेच शंभराहून जास्त मिलिसेकंद घालू शकतं, तिथे दुसरे सगळे उपाय फुकट. दुसरं, वायफाय. त्यात आवाजाचे तुकडे वेळच्या वेळी पोहोचत नाहीत, दोन झटपट येतात, तिसरा रेंगाळतो, आणि आपल्याला तो ‘तुटलेला’ ऐकू येतो. राउटरपासून पेटीच्या जागेपर्यंत एक लांब लॅन केबल टाका. तिसरं, लॅपटॉपमधलं साउंड कार्ड. एक साधा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी छोटी डबी) आणि त्याचा स्वतःचा एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर असेल तर बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी साठवायचा आवाजाचा तुकडा, १२८ नमुन्यांवर (आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मापांवर) ठेवता येतो. जॅम्युलस सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर चालतं, म्हणजे तो बफर जेमतेम पावणेतीन मिलिसेकंदांचा झाला. जॅम्युलसच्या खिडकीतला उशीर दाखवणारा दिवा ४३ मिलिसेकंदांपर्यंत हिरवा राहतो, ६८ पर्यंत पिवळा, पुढे लाल. काकांचा दिवा पिवळा झाला तरी तुमचं पुष्कळ काम झालं.

आणि तोवर काकांना त्यांच्या जागेवर साजेल असं काम द्या. अभंगाआधीचा आलाप त्यांचा. त्यात ठेका नाही, त्यामुळे उशीर कुणाला टोचत नाही. ठेका सुरू झाल्यावर त्यांनी प्रत्येक अक्षरामागे न धावता लांब सूर धरून भरणा करायचा. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, आणि धरून ठेवलेल्या षड्जाला साठ मिलिसेकंदांचा उशीर कळतही नाही. तुमच्या चौगुणीला, म्हणजे एका मात्रेत चार बोल येतात तिथे, मात्र तोच उशीर जवळजवळ अर्ध्या बोलाचा पडतो. म्हणून चौगुणी थोड्या आवरा.

माझी खरी काळजी त्या पुण्याच्या मुलाची आहे. तुमच्या पत्रात त्याचं निघून जाणं एका वाक्यात आलं आहे, पण सर्व्हर त्याचा, फोनवरून सगळ्यांच्या सेटिंगा लावणारा तो, आणि रात्री अकराला सगळं जुळल्यावर वाजवायला वेळ न उरलेलाही तोच. गेले कित्येक गुरुवार त्याच्या वाट्याला संगीत आलेलंच नाही. ज्याला चार गोष्टी जास्त कळतात त्याच्यावर सगळं टाकून मोकळं व्हायचं, हे मी भजनी मंडळांतही पाहिलं आहे. तिथे तो माणूस सतरंज्या आणि माइकच सांभाळत राहतो. त्याला फोन करा, आणि काकांची तक्रार घेऊन नव्हे. त्याला सांगा की गुरुवारी आता त्याने फक्त वाजवायचं. जोडणीची तपासणी बुधवारी, आणि ती तुम्ही शिकून घ्यायची. दोघांना येत असेल तर एकाचा जीव जात नाही. सर्व्हरसाठी तो पैसे भरत असेल तर त्याचे पाच भाग करा. त्याने मागितले नाहीत म्हणून तुम्ही दिले नाहीत, असं राहू देऊ नका.

गुरुवारी कुणाची जोडणी दहा मिनिटांत लागली नाही, तर त्या दिवशी त्याने माइक बंद ठेवून ऐकायचं आणि घरच्या घरी बरोबर वाजवायचं. बाकीच्यांनी सुरू करायचं. हा नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे तो काकांविरुद्धचा ठरत नाही. आमच्या गटातले म्हापशाचे एक गृहस्थ पावसाळ्यात वीज गेली की असेच मोबाइलवर नुसते ऐकायला येतात. मध्यंतरी त्यांच्या घरी आजारपण होतं, तेव्हाही ते महिनाभर ऐकायलाच येत होते. कुणी काही विचारलं नाही, त्यांची आवडती पदं तेवढी आम्ही न चुकता घ्यायचो. गट म्हणजे मला एवढंच हवं असतं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते, पेटी वाजवते. माझा मावसभाऊ पुण्यात तबला शिकतो. त्याला लेहरा (तालाचं आवर्तन दाखवत पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणारी ओळ) धरून द्यावा अशी फार इच्छा आहे. एक गिगाबिटचं कनेक्शन घेतलं, केबल जोडली, तरी दोन आवर्तनांत सगळं विस्कटतं. काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. गिगाबिटने एका वेळी किती माहिती जाईल ते वाढतं, ती किती लवकर पोहोचेल ते नाही. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तारेतल्या प्रकाशाच्या वेगानेही जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद लागतील, आणि समुद्राखालच्या तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. हे अंतर कुठल्याही यंत्राने कमी होणार नाही.

पण तुम्ही मागितलेली गोष्ट लेहरा आहे, हे तुमचं भाग्य. निन्जॅम नावाचा एक जुना, फुकट संगणक-कार्यक्रम आहे. जस्टिन फ्रँकेल आणि त्यांच्या कॉकोस कंपनीने तो २००५ मध्ये काढला. त्यात उशीर कमी करायच्या ऐवजी मुद्दाम वाढवून एका पूर्ण आवर्तनाएवढा केला आहे. प्रत्येकाच्या यंत्रात त्याच लयीचा ठोका चालू असतो, आणि समोरच्याचं मागचं आवर्तन तुमच्या चालू आवर्तनावर समेला सम जुळवून ऐकू येतं. लय १०० आणि आवर्तन १६ मात्रांचं ठेवलंत तर तीनतालाचं एक आवर्तन ९.६ सेकंदांचं होतं. ज्यांनी हे केलं त्यांच्या डोळ्यांसमोर तीनताल नसणार, पण झपतालासाठी १० आणि रूपकासाठी ७ मात्राही त्यात तितक्याच सहज लावता येतात.

ख्याल यात होणार नाही, बढत करणाऱ्याला, म्हणजे राग सुचेल तसा वाढवत नेणाऱ्याला, त्याच क्षणाची साथ लागते. लेहरा मात्र दर आवर्तनाला तोच असतो. भावाला तुमचं मागचं आवर्तन ऐकू आलं काय आणि आत्ताचं काय, त्याच्या कायद्याला (तबल्यावर बोल फिरवत वाढवायच्या रचनेला) फरक पडत नाही. सवाल-जवाबही छान होतात, एका आवर्तनात सवाल, पुढच्यात जवाब. लय हळूहळू चढवता येत नाही, सगळ्यांनी मत देऊन बदलावी लागते, तेव्हा विलंबित, मध्य, द्रुत असे टप्पे आधीच ठरवून घ्या. एकच गोष्ट मनाला सवयीची करावी लागेल. त्याने पहिल्या आवर्तनात घेतलेली तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) तुम्हाला दुसऱ्यात ऐकू येईल, आणि तुमची ‘वा!’ त्याच्या कानी तिसऱ्यात पडेल. तरी दाद द्या. शिकणाऱ्याला ती हवी असते.

वेळेचं म्हणाल तर शनिवारी रात्री साडेआठ इथे, म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे अकरा. दोघांनाही घाई नसते.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, अकरावीत आहे, बासरी वाजवतो. जॅम्युलसच्या खुल्या सर्व्हरवर जातो. युरोपातले लोक ब्लूज वाजवत असतात. मी सुरू केलं की दोन मिनिटांत एकेक जण निघून जातो. माझी बासरी इतकी वाईट आहे का?

उत्तर : नाही रे. तू तिथे वाजवतोस ते त्यांना ठोक्याच्या बरंच मागे ऐकू येतं, आणि तुझं ऐकून त्यांची लय ढासळते. त्यांनी निदान दोन शब्द लिहून सांगायला हवं होतं, न बोलता निघून जाणं मलाही पटत नाही. पण यादीत प्रत्येक सर्व्हरसमोर पिंगचा, म्हणजे तिथपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा असतो, तो बघत जा. वाजवायला कमी पिंगचा सर्व्हर निवड, मग तिथे एकच जण बसलेला का असेना. लांबच्या सर्व्हरवर माइक बंद ठेवून ऐक, शिकायला तेही पुष्कळ आहे. ते बहुतेक सर्व्हर कुणीतरी स्वखर्चाने चालवलेले असतात, तेव्हा आत गेल्यावर नाव, गाव, वाद्य नीट भरून ठेव आणि चॅटमध्ये ‘वाजवू का?’ असं विचारून घे. दुसऱ्याचा एकल भाग चालू असताना त्यावर वाजवू नकोस.

तुझी बासरी पांढरी तीनची असेल, तर पाश्चात्त्य नावाने ती ‘ई’ची. ते ‘ई’मध्ये वाजवत असतील तर तुझा सा तोच त्यांचा सा. ‘ए’मध्ये असतील तर तुझा मध्यम सा धरून वाजव. दोन्ही गंधार आणि कोमल निषाद हाताखाली ठेव. घरी आधी ‘ए’ची मूर्च्छना, म्हणजे मध्यमाला सा मानून येणारी स्वरांची ओळ, घोळवून घे, कारण तिथले कोमल स्वर अर्ध्या छिद्राचे येतात आणि बासरी थंड असली की ते उतरतात. सूर लावण्याआधी बासरी थोडी फुंकून गरम करून घेत जा.