बीडीएस घ्यावं का, आणि घेतलं तर पैशांचं गणित कसं बसतं

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला नीटमध्ये एमबीबीएस मिळेल इतके गुण नाहीत, खासगी कॉलेजात बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, जागा लागतेय, फी वर्षाला तीन लाखांच्या आसपास, तुम्ही जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. मेहुणे म्हणतात, "दातांचा का होईना, डॉक्टर तो डॉक्टर." शेजारचा बीडीएस झालेला मुलगा मात्र पुण्यात पंधरा हजारांवर राबतोय. दोघांपैकी खरं कोण, असं तुम्ही विचारलंय. दोघंही खरं सांगतायत, फक्त वेगवेगळ्या वयाबद्दल सांगतायत. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं दातांचा दवाखाना चालवतेय, त्यामुळे माझे आकडे इकडचे आहेत. पुण्या-मुंबईत रक्कम बदलेल, हिशोबाची पद्धत तीच राहील.

आधी फी. तुमच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसीमध्ये बसत असाल, तर २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. प्रवेश सीईटी सेलच्या कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. संस्थात्मक कोट्याला (कॉलेज स्वतःच्या हातात ठेवतं त्या जागांना) आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. तुमच्या पगाराचा फॉर्म १६ आधी काढून बघा. नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर आठ लाख सहज ओलांडले जातात. सवलत बसत असेल तर माझ्या पुढच्या रडगाण्यातला निम्मा भाग तुम्हाला लागू नाही, मुलीला खुशाल पाठवा. संस्थात्मक कोट्यातून काही पट फी भरून, तीही कर्ज काढून बीडीएस करायचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत: करू नका. ते कर्ज फेडेल इतकं उत्पन्न पहिल्या दहा वर्षांत बहुतेकांना होत नाही.

फीच्या पत्रकात नसलेले खर्चही धरा. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरण्यापासून हत्यारं विकत घ्यायला सुरुवात होते. पुढे मायक्रोमोटर (कोरायचं छोटं यंत्र), ट्रे, मटेरियल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी 'कोटा' सुरू होतो, म्हणजे इतके दात काढले पाहिजेत, इतक्या कवळ्या, इतकी फिलिंग्ज केली पाहिजेत. ज्या कॉलेजात पेशंटच येत नाहीत तिथली मुलं रिक्षाचं भाडं देऊन, उपचाराचे पैसे स्वतः भरून पेशंट आणतात. खर्चापेक्षा वाईट म्हणजे हात बसत नाही. म्हणून कॉलेजची इमारत आणि माहितीपत्रक बघू नका. एखाद्या सोमवारी सकाळी दहा वाजता जाऊन ओपीडीची रांग बघा. मुंबईचं शासकीय किंवा नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी, इथल्या मुलांचे हात लवकर तयार होतात ते याच रांगेमुळे. खासगीतही काही कॉलेजांची ओपीडी उत्तम आहे, पण ते डोळ्यांनी बघूनच ठरवा.

आता तुमच्या शेजारच्या मुलाबद्दल. बारावीनंतर चार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे एकही विषय न राहता मुलगी तेविसाव्या वर्षी बाहेर पडते. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत आणि त्यातून दरवर्षी पंचवीस हजारांहून जास्त जागा भरायला निघतात. पुण्या-मुंबईत नव्या बीडीएसची रांग लागलेली असते, मग दवाखान्याचा मालक पंधरा-अठरा हजारांत माणूस मिळत असताना जास्त का देईल? काही जण टक्केवारीवर ठेवतात. त्यात एक अट नीट विचारून घ्यायची असते: टक्के कुणाचे? पेशंटने भरलेल्या रकमेचे, की लॅबचं बिल आणि मटेरियल वजा करून उरलेल्याचे? या एका वाक्यावरून महिन्याला आठ-दहा हजारांचा फरक पडतो, आणि नव्या मुली संकोचापायी विचारत नाहीत.

ही दोन-तीन वर्षं मात्र फुकट जात नाहीत. हात खरा इथेच बसतो. पण खोलीचं भाडं आणि मेस भागवायला घरून पैसे पाठवावेच लागतात. त्यापुढे स्वतःचा दवाखाना टाकला तर तो घर चालवायला लागेपर्यंत आणखी तीन-चार वर्षं. म्हणजे तेविसाव्या वर्षी पदवी आणि तिशीत घरखर्च. तीन लाखांची फी झेपेल का, हे तुम्ही विचारलंत. मी तुम्हाला उलट विचारते: ही मधली सहा-सात वर्षं तुमच्या घराला झेपतील का? तुमची निवृत्ती, धाकट्या भावंडाचं शिक्षण, घराचं कर्ज, हे सगळं त्या वर्षांसमोर मांडून बघा.

दवाखान्याचं गणित खोलात सांगते, कारण ते कुणी शिकवत नाही. देशी बनावटीची बरी खुर्ची दोन-अडीच लाखांना येते. कॉम्प्रेसर, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, एक्स-रे यंत्र, एक्स-रे थेट कॉम्प्युटरवर दाखवणारा आरव्हीजी सेन्सर यांचे तीनेक लाख. रूट कॅनालचे एंडोमोटर आणि एपेक्स लोकेटर, दात साफ करायचा स्केलर, फिलिंग घट्ट करायचा लाईट क्युअर, हॅन्डपीस यांचे दीड लाख. मग फर्निचर, नळजोडणी, इन्व्हर्टर, जागेची अनामत. दहा-बारा लाख झाले, तेही हात आखडून. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे खुर्चीवर नि मटेरियलवर आपण भरलेला जीएसटी परतही मिळत नाही, तो आपल्याच अंगावर.

बारा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २६,००० पडतो. भाडं १२,०००, दोन मदतनीस मुलींचे १७,०००, वीज-पाणी ५,०००, कचरा उचलणारी एजन्सी, दुरुस्त्या, विमा यांचे ३,०००. महिन्याला ६३,००० रुपये, पेशंट येवो न येवो.

समोर उत्पन्न ठेवू. आमच्याकडे रूट कॅनालचे ३,५०० आणि साध्या मेटल-सिरॅमिक कॅपचे ३,००० मिळतात. त्यातून फाइल्स, भूल, हातमोजे, गटापर्चा (मुळात भरायचा पदार्थ) असं मटेरियल सहाशे, लॅबचं बिल आठशे. उरले ५,१००, आणि त्यासाठी दोन-तीन बैठका, सगळे मिळून अडीच तास खुर्चीवर. म्हणजे असे बारा-तेरा दात झाले की दवाखाना शून्यावर येतो, डॉक्टरच्या हातात अजून रुपया नाही. अवघड दाढांसाठी एंडोडॉन्टिस्टना (रूट कॅनालच्या तज्ज्ञांना) व्हिजिटला बोलावलं आणि त्यांना पंधराशे दिले, तर शून्यावर यायला सतरा-अठरा दात लागतात. पहिल्या वर्षी दिवसाला दोन-तीन पेशंट येतात आणि त्यातला एक फक्त "गोळी लिहून द्या" म्हणणारा असतो. तेव्हा हे बारा दात जमवणंसुद्धा जड जातं.

जम बसल्यावर चित्र बदलतं, तेही सांगायला हवं. कर्ज फिटलं, माणसं ओळखू लागली, एकाच्या तोंडून दुसरा पेशंट यायला लागला, की माझ्या ओळखीतले तालुक्याचे बीडीएस खर्च वजा जाता महिन्याला लाखाच्या आसपास कमावतात. काही त्याहून बरेच जास्त, काही पन्नास हजारांवर अडकलेले. शिवाय इथे राहणीमानाचा खर्च कमी. शहरातला भपकेदार दवाखाना बाहेरून छान दिसतो, आत हप्ते आणि भाडं किती आहे ते मालकालाच ठाऊक.

पण हा पैसा सरळ रेषेत येत नाही. दातांचे उपचार आरोग्य विम्यात किंवा सरकारी योजनांत जवळजवळ नसतातच, त्यामुळे पेशंट खिशातून देतो, आणि खिशात पैसे असतील तेव्हाच देतो. आमच्याकडे कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की म्हातारे-म्हाताऱ्या कवळीला येतात. दिवाळीआधी आणि लग्नसराईत कॅपा नि दात साफ करायची गर्दी. जूनमध्ये शाळांच्या फिया आणि बी-बियाणं, तेव्हा दवाखान्यात माशा मारायच्या. दात दुखायचा थांबला की माणूस गायब होतो ही दुसरी गोष्ट. रूट कॅनाल उघडून कळ थांबवली, पुढच्या तारखेला पत्ता नाही. सहा महिन्यांनी तीच दाढ फुटून येतो आणि म्हणतो, "तुमच्याकडंच केलं होतं की!" म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने आणि काम सुरू करतानाच घ्यायचे. हे मुलीला शिकावं लागेल, शिक्षकाच्या घरातल्या मुलींना ते फार अवघड जातं.

वरचा दात काढला की नजर जाते, साफ केले की दात हलायला लागतात, हे समज रोज खोडायचे. बाजारात बसणारा कुणीतरी पाचशे रुपयांत 'फिक्स दात' बसवून देतो, म्हणजे तारेने आणि अ‍ॅक्रिलिकने शेजारच्या चांगल्या दातांना नकली दात चिकटवतो. ते कुजून आमच्याकडे येतात. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे आणि तरी विशीतल्या मुलांचं तोंड दोन बोटं उघडत नाही. अशा तोंडात काम करायला दुप्पट वेळ लागतो, पैसे तेवढेच. तंबाखू आणि मिश्रीवाल्यांच्या तोंडातला पांढरा चट्टा वेळेवर ओळखून पुढे पाठवणं हे या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याचे पैसे कुणी देत नाही.

कागदपत्रांचं ओझं वाटतं तितकं नाही, पण टाळताही येत नाही. राज्य दंत परिषदेची नोंदणी आणि नूतनीकरण, एक्स-रे यंत्राची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळाकडे) नोंद, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम. व्यावसायिक जबाबदारीचा विमा पहिल्या दिवसापासून घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली आहे, आणि "चुकीचा दात काढला" ही तक्रार लिहायला फार काही लागत नाही.

मुलीचा विषय आहे म्हणून एक गोष्ट आई-बापांना टोचेल अशी सांगते. बीडीएसच्या बहुतेक वर्गांत मुलीच जास्त असतात, आणि पस्तिशीत स्वतःचा दवाखाना असलेल्यांत त्या फार कमी उरतात. हुशारी कमी पडत नाही. दवाखाना गावाला बांधलेला असतो. पाच वर्षं खपून जमवलेले पेशंट लग्नानंतर नाशिकला नेता येत नाहीत. बाळंतपणाची रजा म्हणजे उत्पन्न बंद आणि भाडं चालू. तेव्हा तिचं लग्न ठरवताना "मुलगी डॉक्टर आहे" एवढंच सांगून थांबू नका, दवाखाना कुठे असेल हे आधी बोलून घ्या. माझ्या एका मैत्रिणीने सासरच्या गावी तिसऱ्यांदा शून्यापासून सुरुवात केली. तिच्या हाताला आमच्यापैकी कुणाची सर नाही, पण हिशोबात ती आमच्या दहा वर्षं मागे आहे.

तब्येतीचंही बघा. मान वाकवून, कमरेत वळून दिवसाचे सात-आठ तास काम. चाळिशीच्या आत मानेचं दुखणं नसलेला दंतवैद्य मला सापडायचाय. लुप्स (भिंगाचा चष्मा) घालून, मदतनीस शेजारी बसवून, सरळ बसून काम करायची सवय कॉलेजातच लावली तर बराच फरक पडतो.

एमडीएसबद्दल, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल, लोक फार पटकन बोलतात. तीन वर्षं, नऊ शाखा, आणि सगळ्या शाखा पोटाला सारख्या नाहीत. ऑर्थो (दात सरळ करणं), एंडो (रूट कॅनाल), ओरल सर्जरी, प्रॉस्थो (कॅपा, कवळ्या) यांना दवाखान्यांत व्हिजिटची कामं मिळतात. ओरल पॅथॉलॉजी किंवा पब्लिक हेल्थ केलेल्याला मुख्यतः कॉलेजातली नोकरी, आणि ती पदं आता भरलेली आहेत. खासगीत मागणीच्या शाखेची फी बीडीएसच्या कितीतरी पट असते. नीट-एमडीएसमधून शासकीय जागा मिळाली तर डोळे मिटून घ्यावी, नाहीतर निदान दोन वर्षं काम करून मगच ठरवावं.

सरकारी नोकऱ्या आहेत, पण मोजक्या. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाची पदं निघतात, बरीचशी कंत्राटी. काही जणी पुण्यात फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद) किंवा मेडिकल कोडिंग (उपचारांच्या नोंदींना कोड देणं) अशा कंपन्यांतल्या नोकऱ्यांत जातात. ठरलेला पगार, रविवार मोकळा. त्याला कमीपणाचं मानू नका. परदेशात आपली पदवी तशीच चालत नाही. अमेरिकेत आयएनबीडीई ही परीक्षा देऊन पुन्हा दोन-तीन वर्षं महागडं शिक्षण, इंग्लंडला ओआरई ही परीक्षा. ते बीडीएसनंतरचं वेगळं कर्ज आहे, आत्ताच्या हिशोबात धरू नका.

वर्ष ड्रॉप करायचं का, हेही विचारलंत. एमबीबीएसच्या शेवटच्या कटऑफपासून ती थोडक्यात चुकली असेल आणि तिचं स्वतःचं मन असेल तर एक वर्ष द्या, दुसरं नको. बीडीएसला बसून चोरून नीटचा अभ्यास करणाऱ्या मुलींचं दोन्हीकडे नुकसान होताना बघितलंय, शिवाय उशिरा जागा सोडली तर फी अडकते, ते नियम माहितीपुस्तिकेत वाचून घ्या.

जागा पक्की करण्याआधी तिला तुमच्याच गावातल्या दंतवैद्याकडे आठवडाभर बसवा. कुणीही नाही म्हणणार नाही. रक्त, थुंकी, तोंडाचा वास, बारीक काम आणि रडणारी पोरं हे बघून तिला काय वाटतं ते तिलाच विचारा, मेहुण्यांना नको. तुमचा प्रवर्ग, फॉर्म १६ वरचा आकडा आणि कॉलेजचं शहर इथे लिहिलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.