बेकारी भत्त्याचा हिशेब विचारलास म्हणून

तुझा प्रश्न तीनदा वाचला. कंपनी एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीला पाठवतेय, बायको आणि दुसरीतली मुलगी सोबत येणार, आणि तू विचारतोस, "दादा, समजा तिकडे नोकरी गेलीच, तर राज्य सरकार बेकारी भत्ता किती देतं? अंदाज कसा काढायचा? तेवढ्यात घर भागतं का?" शेवटी जाता जाता शाळेचं आणि "एकटं वाटतं का" हेही विचारलंयस. व्हिसाचे फॉर्म आणि मुलाखतीचं मी काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी वेबसाइटवर आहे.

तुझ्यापुरता आकडा शून्य धर.

कारण असं. हा भत्ता घेणारा माणूस कामाला "उपलब्ध" असावा लागतो, म्हणजे उद्या कुणीही काम दिलं तर परवा हजर होता आलं पाहिजे. एच-वन-बीवाला ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्यापुरताच बांधलेला, म्हणून साधारणपणे तो उपलब्ध धरला जात नाही. तुझ्या बायकोला पुढेमागे ईएडी (म्हणजे काम करायचा परवाना) मिळालं, तिने नोकरी केली आणि ती गेली, तर ती मागू शकेल. ग्रीन कार्डवाला मागू शकतो. तू नाही. आणि गंमत म्हणजे हा भत्ता एक विमाच, आणि जर्सीत त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातूनही कापतात, बहुतेक राज्यांत तो फक्त मालक भरतो. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर २०१२ पासून ती ओळ होती. वर्षाला सव्वाशे डॉलरच्या आतबाहेर. मी ती बघून निर्धास्त असायचो. आपण भरतोय ना, मग वेळ आली की मिळेल.

वेळ २०१७ च्या मार्चमध्ये आली. प्रोजेक्ट संपलं, कंपनीने हात वर केले. वकीलबाईंना मी पहिला प्रश्न भत्त्याचाच विचारला. त्या म्हणाल्या, "ते विसरा, दिवस मोजा." साठ दिवस. तेही त्याच जानेवारीत नियम आला म्हणून, त्याआधी तेवढेही नव्हते. शनिवार-रविवार धरून साठ. त्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर बाडबिस्तरा आवरा. व्हिसाची मुदत संपायच्या आधी कामावरून काढलं तर परतीच्या तिकिटाचा खर्च कंपनीने द्यायचा असतो, पण तो एकट्या नोकरदाराचा. बायकापोरांचं आपलं आपण.

एकेचाळिसाव्या दिवशी टेक्सासात, इर्व्हिंगला काम मिळालं. मेच्या मध्यावर आम्ही घर हलवलं. आता इथून पुढे तुझ्या प्रश्नाशी संबंध नाही, पण लिहितो.

मुलगी चौथीत होती. शाळेच्या बँडमध्ये तिने क्लॅरिनेट घेतलं होतं, महिन्याच्या भाड्याने. तोंडात धरायची ती पातळ पट्टी सारखी फुटायची, मग ती मला नवी आणायला पिटाळायची. सहा महिने घरात बदक कोकलल्यासारखा आवाज, आणि एप्रिलमध्ये एका संध्याकाळी अचानक सूर लागला. कार्यक्रम जूनमध्ये होता, जर्सीत शाळा जूनच्या निम्म्यापर्यंत चालतात. आम्ही मेमध्ये निघालो. क्लॅरिनेटची काळी पेटी परत करायला दुकानात तिला बरोबर नेलं, हे मी का केलं कळत नाही. काउंटरवरच्या माणसाने पेटी उघडून एकेक तुकडा मोजला. ती बघत उभी होती. रडली असती तर बरं झालं असतं. टेक्सासात शाळा मेअखेर बंद, म्हणजे दोन आठवड्यांसाठी प्रवेश तरी काय घ्यायचा? ऑगस्टमध्ये पाचवीला नाव घातलं तेव्हा एक फॉर्म आला: घरी कोणती भाषा बोलता? मी अभिमानाने लिहिलं, मराठी. झालं. चार वर्षांची असल्यापासून अमेरिकेत वाढलेल्या, जाड जाड इंग्रजी पुस्तकं पालथी घालणाऱ्या पोरीला इंग्रजी येतं का याची चाचणी द्यायला बसवलं. पास झाली, पण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तुझी लेक तर थेट भारतातून येईल, तिच्यापुढेही हा फॉर्म येणारच. खोटं लिही असं मी म्हणत नाही. चाचणी असते, त्याने काही बिघडत नाही, एवढं तिला आधी घरी सांगून ठेव. मी सांगितलं नव्हतं.

आता हिशेब, कारण तो मी दुसऱ्या वेळी केला. २०१९ ला परत जर्सीत आलो, २०२२ मध्ये ग्रीन कार्ड हातात पडलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीत नोकरी गेली. या वेळी हक्क होता. विजेच्या बिलाच्या पाकिटामागे मांडलं: पगार वर्षाला सव्वा लाख डॉलर, आठवड्याला २,४०४, जर्सी देते सरासरीच्या ६० टक्के, म्हणजे १,४४२. बायकोला म्हटलं, निभेल. निभणार कसलं? वरची मर्यादा मी वाचलीच नव्हती. २०२३ मध्ये ती ८३० होती. म्हणजे ७२ हजारांच्या वर कितीही कमवा, काटा ८३० वरच अडकणार. आधी मर्यादा बघावी, मग टक्के. त्यातून केंद्राचा आयकर लागतो, तो १० टक्के आधीच कापायला सांगितला की ७४७. (राज्य आपला कर घेत नाही, तेवढीच कृपा.) जास्तीत जास्त २६ आठवडे. आणि सरासरी काढतात ती शेवटच्या पगारावर नव्हे: संपलेल्या पाच तिमाह्या घ्यायच्या, त्यातली सगळ्यात अलीकडची सोडून द्यायची. मी २०२३ च्या मार्चमध्ये अर्ज केला, तर २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या सप्टेंबरपर्यंतची कमाई धरली. दिवाळीत मिळालेली पगारवाढ हिशेबात नाहीच.

राज्य बदललं की सगळंच बदलतं. कॅलिफोर्नियात आठवड्याला ४५० हून जास्त नाही, २००५ पासून तोच आकडा. फ्लोरिडात २७५. आणि राज्य म्हणजे तू राहतोस ते नव्हे, काम करतोस ते. जर्सी सिटीत राहून रोज मॅनहॅटनला जाणाऱ्याला न्यूयॉर्कचा नियम लागतो. तिथली मर्यादा कितीतरी वर्षं ५०४ होती, २०२५ च्या ऑक्टोबरात ८६९ केली. तुझी बायको कधी नोकरी करेल तेव्हा हे लक्षात ठेव.

मी अर्ज फेब्रुवारीतच का केला नाही, तर लाज वाटली म्हणून. आमचे आबा एसटीत कंडक्टर. दिवसाच्या शेवटी चार आण्यांचा फरक आला तरी स्वतःच्या खिशातून भरणारे. त्यांच्या पोराने बेकार म्हणून सरकारी पैसा उचलायचा? अर्ज ज्या आठवड्यात करशील त्या आठवड्याच्या रविवारपासून मोजतात, मागचं धरत नाहीत. तीन आठवडे मी नुसता लायब्ररीत जाऊन बसलो. तीन गुणिले ८३०, २,४९० डॉलर. त्यानंतर आणखी नावाचा घोळ: पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते नाही, म्हणून ओळख पटवायला कागद पाठवा, मग तेच कागद पुन्हा पाठवा. मराठी माणसाने इथे उतरल्या दिवसापासून सगळीकडे नाव एकसारखं लिहावं, अक्षरन् अक्षर.

भत्ता चालू झाला की दर आठवड्याला ऑनलाइन उत्तरं द्यावी लागतात. काम करायला सक्षम होता का? उपलब्ध होता का? काम शोधलं का? मी रविवारी सकाळी करायचो. तीच वेळ सांगलीला फोनची. आधी "उपलब्ध: होय" वर टिचकी मारायची, मग फोन लावून आईला सांगायचं, कामात आहे गं, जरा गडबड आहे.

एकटेपणाचं म्हणशील तर जर्सीतल्या इडिसनला वडापाव मिळतो, गणपतीला ढोल-ताशा असतो, शनिवारी मराठी शाळा भरते. विशेष काही नाही.

एवढंच कर: सहा महिन्यांचं घरभाडं आणि तीन तिकिटांचे पैसे बाजूला ठेव, भत्त्याचं नाव काढू नकोस. सप्टेंबरात मला नोकरी लागली, पंचविसाव्या आठवड्यात. मधे एकदा लेकीने दार ढकलून विचारलं होतं, "बाबा, खोकी आणायची का?" पंधरा वर्षांची होती तेव्हा. नाही म्हटलं. ती गेली, आणि मी त्या आठवड्याची उत्तरं भरायची राहिली होती ती भरली.

निघायच्या आधी सांगलीला जाणार असशील तर आमच्या घरी डोकाव. आई शेंगदाण्याची चटणी देईल, एक किलोच्या वर घेऊ नकोस. आबा विचारतील, पोराचं कसं काय चाललंय? चांगलं चाललंय म्हण. २०२३ चं त्यांना अजून सांगितलेलं नाही.