जुन्या रोड फ्रेमवर फिक्सी बनवताना

फिक्सी म्हणजे चाकाबरोबर पेडलही कायम फिरणारी, एकाच गिअरची सायकल. आधी मागचा ड्रॉपआउट (फ्रेममध्ये चाकाचा अ‍ॅक्सल बसतो ती जागा) बघा, रंग नंतर. अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकवता येईल अशी आडवी किंवा तिरकी खाच हवी. खाच उभी असेल तर चेन ताणायला जागाच नाही. ती फ्रेम सोडून द्या.

मग मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर मोजा. ट्रॅक हब (फिक्सीच्या चाकाचा मधला भाग) बहुधा १२० मिमीचं असतं, जुन्या फ्रेममध्ये अंतर १२६ निघालं तर दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे स्पेसर घाला. नट आवळून फ्रेम दाबून बसवू नका.

खरी गोची हबची. जुन्या फ्रीव्हीलच्या (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या) हबवर कॉग, म्हणजे मागचं दातेरी चाक, चढतो, पण तिथे त्याला अडवणाऱ्या लॉकरिंगसाठी उलटे आटे नसतात. पायाने मागे जोर दिला की कॉग सुटतो, तोही नेमका थांबायच्या वेळी. लॉकटाइटवर (आटे चिकटवायच्या गोंदावर) भरवसा नको, ट्रॅक हबच घ्या. आट्यांना ग्रीस लावून कॉग चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) घट्ट करा, मग लॉकरिंग. ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं, हे विसरून लोक आटे खराब करतात!

चेनलाइन (फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनचं अंतर) साधारण ४२ मिमी, पुढे-मागे सारखीच. सुरुवातीला ४४ × १६ (पुढे ४४ दाते, मागे १६) पुरे. स्किड करणार (पेडल रोखून मागचं चाक घसरवणार) असाल तर ४६ × १७, म्हणजे टायरची झीज १७ जागी वाटली जाते, ४४ × १६ मध्ये फक्त ४ जागी. चेन मधोमध सेंटीमीटरभर हलली पाहिजे, पण क्रँक पूर्ण फिरवून सगळ्यात ताठ जागी तपासा. चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) क्वचितच अगदी गोल असते.

पुढचा ब्रेक काढू नका.