लस घेतल्यावर त्रास झाला तर आपण स्वतः कळवू शकतो का? कळवून उपयोग काय?

हो, आणि जरूर कळवा. इंडियन फार्माकोपिया कमिशन या केंद्र सरकारच्या संस्थेची १८००-१८०-३०२४ ही मोफत हेल्पलाइन त्यासाठीच आहे. लस दिली त्या केंद्रात किंवा आशाताईंना सांगितलंत तरी चालेल. लशीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि त्रास कधी सुरू झाला हे हाताशी ठेवा.

नोंद झाली म्हणजे लशीमुळेच झालं असं ठरत नाही; कावळा बसायला आणि फांदी मोडायला असंही असतं. पण लस सगळ्यांना देण्याआधी जी चाचणी होते, तिच्यात साधारण काही हजार माणसं असतात. लाखात एखाद्याला होणारा त्रास तिथे दिसतच नाही. तो अशाच नोंदींतून पुढे येतो, सारख्या तक्रारी जमल्या की तपास होतो. म्हणून ‘एवढंसं काय सांगायचं’ म्हणून गप्प बसू नका.

श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर मात्र आधी दवाखाना, नोंद नंतर.