घरात पूर्ण तिकीट एकट्याचंच

"मॅडम, फिट येणाऱ्याला एसटीचा पास मिळतो का?" कोल्हापुरात माझ्याकडं हा प्रश्न बहुतेक वेळा आईबाप विचारतात. ज्याला पास हवा तो शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. कागल तालुक्यातलं हे पोरगंही तसंच बसलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वय २६, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. रात्रपाळी करून आला, गाडी स्टँडला लावली आणि अंगणातच फिट आली. पाच मिनिटं आधी आली असती तर हायवेवर. तेव्हापासून किल्ली देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली.

वडिलांना सरळ सांगितलं, अवघड आहे. एसटीची ७५ टक्के सवलत दिव्यांगांना, त्याला किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अपस्माराचं, म्हणजे या फिटच्या आजाराचं, नाव नाही. आणि दोन फिटांच्या मधे ठणठणीत असलेल्या माणसाचे टक्के मोजायचे तरी कसे?

"मला नकोच ते," पोरगं पहिल्यांदा बोललं. "अपंगाचा पास काढला की लग्नाचं बोलणं संपलं."

मी म्हटलं, घरातल्यांच्या तिकिटांचा हिशेब सांग. आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे, २०२२ पासून फुकट. आई आणि बहीण, मार्च २०२३ पासून अर्धं. वडिलांची स्वतःची गाडी.

"मग पूर्ण तिकीट कुणाचं?"

"माझं एकट्याचंच की."

गाडी चालवायची नाही असाही तो एकटाच. लायसन्सच्या नमुना १ मध्ये फिट येते का, असा थेट प्रश्न आहे. 'हो' लिहिलं की अर्ज अडला. ते बरोबरच आहे, रस्त्यावर दुसऱ्याचंही पोर असतं. पण इंग्लंडमध्ये या आजारापायी लायसन्स नाकारलं जाणार असेल, तर त्याच कारणावर बसचा मोफत पास मिळतो. टक्क्यांची भानगड नाही. (कामाच्या दिवशी तो सकाळी साडेनऊनंतरच चालतो म्हणे, म्हणजे सातच्या पाळीला काय कामाचा!) आपल्याकडंही सरकारनं लायसन्सच्याच निकषावर पास द्यावा, असं माझं मत. आजोबा फुकट फिरतात, त्यांना कुणी बिचारे म्हणत नाही.

हे ऐकून पोरानं मान वर केली. असा मोफत पास मात्र उद्या मिळणार नव्हता. म्हणून एसटीचा मासिक पास काढायला लावला, २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस. झोपमोडीनं फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रात्रपाळी बंद करून घेतली. सुपरवायझरनं आठवडाभर घोळ घातला, मग दिवसपाळी दिली. राहिली एसटीत फिट येण्याची भीती. त्यानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहून पासच्या पाकिटात ठेवली: 'कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.'

पहिला आठवडा आजोबा सोबत गेले. आता गरज नाही, तरी अधूनमधून निघतात. फुकट आहे म्हणतात.