पहिल्यांदाच आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन कॅम्पग्राउंडवर राहणार आहोत. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय माहीत असायला हवं?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जाताय, भाड्याची २५ फुटी क्लास सी (मध्यम आकाराची) आरव्ही आहे, आई-वडील आणि मुलं धरून सहा माणसं आहेत आणि फिशिंग ब्रिजला तीन रात्रींचं बुकिंग मिळालंय. जागा उत्तम मिळाली. पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेलं यलोस्टोनमधलं ते एकमेव कॅम्पग्राउंड. मात्र अशा ठिकाणी गाड्या खेटून उभ्या असतात, आणि शेजाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

आधी गाडीची रचना समजून घ्या. अमेरिकेतल्या आरव्हीचं दार आणि ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढायचं कापडी छप्पर, उजव्या अंगाला असतं. पाण्याची, विजेची आणि सांडपाण्याची जोडणी डाव्या अंगाला. शेजारची गाडीही बहुधा त्याच दिशेने उभी असते. म्हणजे तुमची संडासाच्या पाइपची बाजू हेच डावीकडच्या कुटुंबाचं अंगण, आणि तुम्ही खुर्च्या मांडून चहा घ्याल तिथे समोर उजवीकडच्याचा पाइप. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. टाकी रिकामी करायची तर शेजारी बाहेर जेवायला बसलेला नाही ना, एवढं पाहून करा. डाव्या अंगाच्या मोकळ्या पट्ट्यात मुलांना चेंडू खेळू देऊ नका. बाथरूमकडे जाताना दोन गाड्यांमधून आडवाटेने जाऊ नका, रस्त्यानेच जा. आपल्याला ती रिकामी जागा वाटते, त्यांच्या लेखी कुणीतरी अंगणातून गेलेलं असतं.

शक्यतो उजेडात पोचा. मागे घेत लावायची जागा असेल तर एकाने खाली उतरून मागच्या डाव्या कोपऱ्याशी, आरशात दिसेल असं उभं राहावं. रात्री आरडाओरडा करून दिशा सांगण्यापेक्षा फोन स्पीकरवर ठेवून हळू आवाजात बोला. पेडेस्टल, म्हणजे वीज-पाण्याचा खांब, तुमच्याच नंबरचा आहे ना ते पाहा. काही ठिकाणी दोन जागांना मिळून एकच खांब असतो.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी वीज, मग पाणी, शेवटी सांडपाणी. वीज जोडताना खांबावरचा ब्रेकर बंद करा, प्लग घट्ट बसवा, मग ब्रेकर चालू करा. काढताना उलट. ब्रेकर चालू असताना प्लग ओढला तर ठिणगी उडून पिना जळतात, आणि तो जळका सॉकेट पुढच्या माणसाच्या वाट्याला येतो. तुमची गाडी बहुतेक ३० अँपिअरची असेल. १२० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ३६०० वॉट. एसी साधारण १५०० वॉट घेतो, विजेची किटली १५००, मायक्रोवेव्ह जवळपास तितकाच. तिन्ही एकदम लावले की खांबावरचा ब्रेकर पडणारच. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरातले सॉकेट बहुधा १५ किंवा २० अँपिअरच्या एकाच सर्किटवर असतात. १००० वॉटचा इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) लावून शेजारीच किटली सुरू केली तर खांबावर सगळं ठीक आणि गाडीतला ब्रेकर पडलेला, असं होतं. ब्रेकर जागेवर असूनही सॉकेट मेला असेल तर बाथरूममधल्या सॉकेटवरचं रीसेटचं बटण दाबून पाहा. स्वयंपाकघराचे सॉकेट अनेकदा त्याच्याच मागे जोडलेले असतात.

पाण्यासाठी पांढरा किंवा निळा, पिण्याच्या पाण्याचा म्हणून विकला जाणारा होजच वापरा. नळाच्या तोंडाशी ४० ते ५० पीएसआयचा, दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर लावा. कॅम्पग्राउंडचा दाब यापेक्षा बराच जास्त असू शकतो, आणि आरव्हीतले प्लास्टिकचे सांधे तो फार काळ सोसत नाहीत. फिशिंग ब्रिज सुमारे ७८०० फुटांवर आहे, जूनमध्येही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. तसा अंदाज असेल तर गाडीतली स्वच्छ पाण्याची टाकी भरून घ्या, झोपण्याआधी होज काढून रिकामा करा आणि रात्री गाडीतल्या पंपावर भागवा. गोठलेला होज फुटला की पाणी उताराने थेट शेजाऱ्याच्या जागेत जातं.

आता सांडपाणी. यावर जरा जास्त लिहितो, कारण नवखी मंडळी इथेच बदनाम होतात. सांडपाण्याच्या टाक्या दोन: संडासाची ब्लॅक आणि बेसिन-शॉवरची ग्रे. सांडपाण्याची नळी जोडलेली असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं, घट्ट मैला मागे राहतो आणि त्याचा टाकीत ढीग होतो. तो पुढे सुटता सुटत नाही, आणि त्याचा वास फक्त तुमच्यापुरता राहत नाही. टाकी दोन तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. प्रवाहाच्या जोरानेच ती साफ होते. ग्रेचा व्हॉल्व्हसुद्धा बंद ठेवलेला बरा, म्हणजे गटाराचा वास आणि चिलटं उलटी वर येत नाहीत.

रिकामी करण्याची रीत अशी. आधी पिण्याचा होज नळावरून काढून गुंडाळून आत ठेवा. मग हातमोजे घाला. नळीचं एक टोक जमिनीतल्या तोंडात पक्कं बसवा, दुसरं गाडीला घट्ट बसेपर्यंत फिरवा, आणि मध्ये कुठे झोळ पडत नाही ना ते पाहा. आधी ब्लॅक उघडा, वाहणं पूर्ण थांबलं की बंद करा. त्यानंतर ग्रे उघडा. साबणाच्या पाण्याने नळी आपोआप विसळली जाते. हा क्रम उलटा केला तर शेवटी नळीत काय उरेल ते सांगायला नको. शेवटी ब्लॅक टाकीत दोन-तीन गॅलन स्वच्छ पाणी आणि टाकीचं औषध घाला, कोरड्या टाकीत मैला तळाला चिकटतो. तेच हातमोजे घालून पाण्याच्या नळाला हात लावणं म्हणजे पुढच्या कुटुंबाच्या पोरांच्या पोटाशी खेळ. माझ्या मते कॅम्पग्राउंडवरचा याहून मोठा अपराध नाही, मग तुम्ही कितीही गोड बोलणारे शेजारी असा.

आपली पाणी वापरायची सवय ब्लॅक टाकीला मानवते, फक्त ती लवकर भरते. सहा माणसांत ती दोन-तीन दिवसांत भरू शकते, आणि आतले दिवे जे दाखवतात त्यावर फार विसंबू नका. सेन्सरला कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. वेट वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टाकीत नाहीत. ग्रे त्याहून लवकर भरते. भरली की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे शॉवरच्या तळातून, वर येतं. गरम पाण्याची टाकी बहुधा फक्त सहा गॅलनची असते, तेव्हा अंग भिजवा, पाणी बंद, साबण लावा, पुन्हा पाणी. ग्रेचं पाणी गवतावर सोडून द्यायचं नाही. भांडी घासल्याचं पाणीसुद्धा नाही.

स्वयंपाकाचं वेगळं सांगतो. त्या उंचीवर पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. कुकर लागणारच, पण पहाटे साडेपाचला चार शिट्ट्या पलीकडच्या गाडीत अलार्मसारख्या ऐकू जातात. इन्स्टंट पॉट शिट्टी देत नाही; तो नसेल तर कुकर आदल्या संध्याकाळी लावा. फोडणी देताना छताचा पंखा सुरू ठेवून पलीकडची एक खिडकी किंचित उघडा, नाहीतर मिरचीच्या पहिल्याच ठसक्याला स्मोक डिटेक्टर बोंबलतो. उदबत्तीलाही तो तसाच बोंबलतो, आईंना आधीच सांगून ठेवा. तेलकट ताटं कागदाने पुसून मग धुवा आणि बेसिनला बारीक जाळी लावा. थंडीत तेल पाइपात थिजतं आणि त्यावर भाताची शितं अडकतात. सुके बोंबील घरीच राहू द्या.

बाहेर शिजवलंत तर आवरणं हा तिथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे. फिशिंग ब्रिजचा परिसर ग्रिझली अस्वलांचा, म्हणून तिथे तंबू किंवा कापडी भिंतींच्या गाड्यांना परवानगी नाही. खाणं, कूलर, तवा, तेलाची बाटली, कचऱ्याची पिशवी, सगळं गाडीच्या आत. रिकामं असलं तरी. एका गाडीबाहेर राहिलेला खरकटा तवा अस्वलाला पूर्ण रांगेत आणतो.

नॅशनल पार्कमध्ये रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. गंमत म्हणजे तिथले रात्रीचे १० म्हणजे जूनमध्ये भारतातले सकाळचे साडेनऊ. नेमकी घरी फोन लावायची वेळ. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल आत बसून, खिडक्या बंद करून घ्या. आरव्हीची भिंत पातळ असते आणि बाहेरच्या खुर्चीतलं बोलणं तर चार गाड्यांपलीकडे जातं. गाडी कुलूपबंद करताना हॉर्न वाजत असेल तर रिमोटऐवजी दारावरच्या बटणाने किंवा किल्लीने बंद करा. दाराबाहेरचा दिवा झोपताना मालवा, तो शेजाऱ्याच्या पलंगावर पडतो. दोन-तीन कुटुंबं मिळून गेलात तर अंताक्षरी ९ पर्यंत आटपा, आणि एका जागेवर माणसं व गाड्या किती चालतात ते बुकिंगच्या कागदावर वाचा. यलोस्टोनमध्ये ती मर्यादा सहा माणसांची आहे, तुमची ती इथेच भरली.

पुढच्या मुक्कामाला वीजजोडणी नसेल तर जनरेटर लागेल. यलोस्टोनमध्ये जिथे तो चालतो तिथेही सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच, आणि काही कॅम्पग्राउंडवर अजिबात नाही. झायन नॅशनल पार्कच्या वॉचमन कॅम्पग्राउंडवर वीज आहे, जनरेटरला बंदी. चालवण्याआधी धुराचं नळकांडं कुठे तोंड करून आहे ते पाहा. शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीकडे असेल तर वासापेक्षा कार्बन मोनॉक्साइडची भीती मोठी. अशा वेळी अर्धा तास चालवून बंद करण्यापेक्षा गाडी थोडी हलवा, किंवा बॅटरीवर राहा.

सकाळी लवकर निघायचं असेल तर सांडपाणी, होज, ऑनिंग, खुर्च्या हे सगळं आदल्या संध्याकाळीच आवरा. सकाळी फक्त विजेचा प्लग काढायचा उरला पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर गरम होण्याची वाट पाहत उभे राहू नका. सीटबेल्ट, आरसे, नकाशा, मुलांची सु-सु हे सगळं आधी, किल्ली नंतर. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या सामायिक जागी, थांबणार असाल तर टाक्या रिकाम्या झाल्या की लगेच गाडी पुढे घ्या आणि काच पुसणं, हात धुणं तिकडे बाजूला करा, कारण मागे रांग असते. आणि तिथल्या नळावर पिण्यायोग्य नाही अशी पाटी असेल तर त्यावर पिण्याचा होज मुळीच लावू नका.